ट्रकचा एचपी आणि टॉर्क मोजायचा तर कोणता डायनो?

इंजिन बांधून झालं, पंप-नोझल कॅलिब्रेट झाले, बिल चुकतं झालं, आणि तरी वणीहून कोळसा भरून निघालेली गाडी साध्या चढावर एक गिअर खाली मागते. मिस्त्री म्हणतो इंजिनात दम आहे, ड्रायव्हर म्हणतो गाडी ओढत नाही. हा वाद डायनॅमोमीटर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणारं यंत्र, मिटवू शकतो. मात्र डायनो या एका नावाखाली चार-पाच वेगळी यंत्रं मोडतात आणि एकाच गाडीला ती वेगवेगळे आकडे देतात. त्यामुळे कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं: क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनच्या दांड्यावर, मोजला की चाकावर? लोड धरून मोजला की नुसता पळवून? आणि त्या वेळी हवा किती तापलेली होती?

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. फिटनेसच्या केंद्रावर ज्या रोलरवर गाडी चढवतात तो ब्रेक टेस्टर असतो. तो चाक अगदी हळू फिरवतो आणि ब्रेक किती जोराने धरतो ते मोजतो. इंजिनच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. रोलरवर सगळं पास झालं म्हणजे एचपी बरोबर आहे, असं कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या.

मोजला जातो टॉर्क, एचपी निघतो हिशेबाने

लोड धरणाऱ्या बहुतेक डायनोत ब्रेकच्या बाहेरच्या खोळीला एक आडवी भुजा असते आणि तिच्या टोकाशी लोडसेल, जुन्या यंत्रात वजनकाटा. इंजिन खोळीला फिरवू पाहतं, लोडसेल तिला अडवतो. अडवायला लागलेला जोर गुणिले भुजेची लांबी, हा टॉर्क. पुढचा हिशेब असा:

किलोवॅट = टॉर्क (न्यूटन-मीटर) × आरपीएम ÷ ९५४९

आपल्याकडे कंपनीच्या कागदावर जो एचपी किंवा पीएस असतो तो बहुधा मेट्रिक, म्हणजे ७३५.५ वॅटचा. ब्रिटिश बीएचपी ७४५.७ वॅटचा. दोघांत जवळपास दीड टक्का फरक आहे, आणि १३० एचपीच्या इंजिनात तेवढ्याने दोन एचपी इकडचे तिकडे होतात. घासाघीस याच दोन एचपीवर होणार असेल तर किलोवॅटमध्येच बोला.

जुन्या बेडवर, म्हणजे उतरवलेलं इंजिन बसवून मोजायच्या चौथऱ्यावर, भुजा ७१६ मिलिमीटरची आढळते. त्यामागे सोय आहे: तेवढ्या भुजेवर काट्यावरचे किलो गुणिले आरपीएम भागिले १००० केलं की थेट मेट्रिक एचपी मिळतो. काटा ५० किलो दाखवतोय आणि इंजिन २४०० वर आहे, तर १२० एचपी. टॉर्क ३५.८ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ३५१ न्यूटन-मीटर.

इंजिन उतरवून: रोप ब्रेक, पाण्याचा ब्रेक, एडी करंट

इंजिनिअरिंग कॉलेज आणि आयटीआयच्या प्रयोगशाळेत दिसतो तो रोप ब्रेक. ड्रमवर दोर, एका टोकाला वजनं, दुसऱ्याला स्प्रिंगकाटा. विहिरीवरच्या ५ एचपीच्या इंजिनाला तो पुरतो. ट्रकच्या इंजिनाला जोडला तर ड्रम लाल होईल आणि दोर जळेल. तो शिकण्यापुरता.

ट्रकच्या कामाचा पहिला खरा पर्याय म्हणजे पाण्याचा ब्रेक, हायड्रॉलिक डायनो. विल्यम फ्राउडने १८७७ साली जहाजाच्या इंजिनासाठी काढलेली ही कल्पना अजून टिकून आहे, कारण यंत्र लहान, दणकट आणि ताकदीच्या मानाने स्वस्त. आत रोटर पाणी घुसळतो आणि इंजिनची सगळी ताकद पाणी तापवण्यात जाते. खोट अशी की पाण्याची पातळी तीच ठेवली तर टॉर्क आरपीएमच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १२०० वर ब्रेकची पकड २४०० च्या मानाने चौथ्या हिश्श्यावर येते. ट्रकच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क असतो नेमका १४००-१६०० च्या आसपास. म्हणून ब्रेक घेताना "किती एचपीपर्यंत" हे विचारून भागत नाही. १२०० आरपीएमला किती न्यूटन-मीटर धरतो ते विचारा आणि टॉर्क-आरपीएमचा आलेख मागा. मोठ्या एचपीची पाटी लावलेला ब्रेक खालच्या आरपीएमला ८०० न्यूटन-मीटरच्या इंजिनापुढे हात टेकतो, हे इथे नेहमीचं आहे.

पाण्याचा हिशेब आपल्या विदर्भात आधी करावा लागतो. १ किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी उष्णता. मे महिन्यात टाकीतलं पाणी ३५ अंशांवर असतं आणि ब्रेकमधून ६० च्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आत वाफेचे बुडबुडे होतात, काटा नाचायला लागतो आणि रोटर खड्डे पडून खराब होतो. म्हणजे वापरायला फक्त २५ अंश. १३० किलोवॅटच्या इंजिनाला तासाला सुमारे ४,५०० लिटर, मिनिटाला ७५ लिटर प्रवाह हवा. तेच पाणी फिरवत ठेवलं तर ५,००० लिटरच्या टाकीत दहा मिनिटांच्या पूर्ण लोडला तापमान चार अंशांनी चढतं, तासभरात बावीस. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांच्या टेस्टसाठी एक मोठी टाकी पुरते, कूलिंग टॉवर लागत नाही. दिवसाला तीन-चार इंजिनं चढवायची तर मात्र लागतो. इंजिनचं कूलिंगही त्याच टाकीवर असेल तर ही मुदत जवळपास निम्मी धरा.

पाणी कसलं, हाही प्रश्न आहेच. बोअरचं जड पाणी ब्रेकच्या आत चुन्याचा थर धरतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर खारटपणाने खोळच गंजते. पावसाचं साठवलेलं किंवा सॉफ्टनरमधून काढलेलं पाणी बंद चक्रात फिरवणं हाच उपाय आहे.

एडी करंट डायनोत लोखंडी रोटर चुंबकीय क्षेत्रात फिरतो, त्यात भोवरी प्रवाह तयार होतात आणि तेच त्याला अडवतात. कॉइलचा करंट कमी-जास्त केला की लोड क्षणात बदलतो. १५०० वर थांब म्हटलं की इंजिन १५०० वर थांबतं. खालच्या आरपीएमलाही पकड चांगली, आकडा स्थिर, रिपीट केला तर तोच येतो. बांधलेली इंजिनं तपासून देणाऱ्या गॅरेजला आमच्या मते हाच घ्यावा. पाणी यालाही लागतं, आणि इथे चुन्याचा थर जास्त महागात पडतो: थंड करणाऱ्या पातळ नळ्या बुजल्या की प्लेट एका जागी तापते आणि तडकते. एअर-कूल्ड प्रकार पाण्याशिवाय चालतो, पण सलग पूर्ण लोड तो थोडा वेळच धरू शकतो. तापला की पकड घटते.

दोन्ही ब्रेकना विजेचा धोका सारखाच. लोडवर असताना लाइट गेली तर एडी करंटचं क्षेत्र नाहीसं होतं आणि पाण्याच्या ब्रेकचा पंप थांबतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवरचं इंजिन क्षणात मोकळं होऊन धावत सुटतं. गव्हर्नर, म्हणजे आरपीएम आवरणारा पंपाचा भाग, ठीक असेल तर वाचतं. नुकत्याच उघडलेल्या पंपाच्या गव्हर्नरवर तेवढा भरवसा ठेवू नका. कंट्रोलरला यूपीएस हवा, आणि वीज गेली की आपोआप डिझेल तोडणारा सोलेनॉइड हवाच. तो चालतो की नाही हे दर महिन्याला मुद्दाम मेन स्विच पाडून बघा, अर्थात विनालोड.

एसी डायनो हा चौथा प्रकार. तो इंजिनला अडवतो आणि स्वतः मोटर होऊन बंद इंजिनला फिरवूनही बघतो, त्यामुळे घर्षण किती खातं तेही कळतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्या तो वापरतात. गॅरेजच्या हिशेबात तो बसत नाही.

बेडवरचा आकडा घेताना इंजिनवर काय-काय जोडलेलं होतं ते लिहून घ्या. रेडिएटरचा पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर यांशिवाय मोजलं तर आकडा फुगलेला येतो. पूर्ण वेगात पंख्यालाच पाच-सात एचपी सहज लागतात.

गाडीसकट: चेसिस डायनो

इंजिन न उतरवता मागची चाकं रोलरवर चढवून मोजणं मालकाला सोयीचं वाटतं, आणि आहेही. पण इथे मिळते ती चाकावरची ताकद. गिअरबॉक्स, जॉइंट, क्राउन (मागच्या एक्सलमधले गिअर) आणि टायर मिळून साधारण १५ ते २० टक्के खातात. त्यात २० टक्के मिळवून "इंजिनचा एचपी" सांगणारा ऑपरेटर अंदाज सांगतोय, मोजमाप नाही. चाकाचा आकडा चाकाचाच म्हणून घ्या आणि पुढच्या वेळच्या चाकाच्या आकड्याशीच तुलना करा.

चेसिस डायनोत दोन जाती. इनर्शिया प्रकारात नुसता जड रोलर असतो, इंजिन त्याला किती झपाट्याने पळवतं यावरून ताकद काढतात. मोटारसायकल आणि कारला ठीक. ट्रकला नाही, कारण असं: रोलरचं जडत्व दोन टनांच्या गाडीइतकं धरलं आणि चाकावर ७० किलोवॅट असले, तर ३० पासून ८० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांत संपतो. तेवढ्यात टर्बो पूर्ण बूस्टला पोचतो न पोचतो, एक्झॉस्ट तापत नाही, डिझेलची खरी ओढ सुरूच होत नाही. भरलेली १६ टनी गाडी रस्त्यावर त्याच वेगासाठी याच्या आठपट वेळ घेते. शिवाय सहा सेकंदांत फ्लायव्हील आणि चाकांना वेग द्यायला जी ताकद जाते ती मोजलीच जात नाही. त्यामुळे ट्रकसाठी एडी करंट किंवा पाण्याचा रिटार्डर, म्हणजे रोलरला अडवणारा ब्रेक, जोडलेला, एका वेगावर गाडी धरून ठेवणारा डायनोच बघा. त्याला लोड डायनो किंवा स्टेडी-स्टेट म्हणतात.

ट्रकपुरत्या आणखी चार गोष्टी बघाव्या लागतात. एक्सलचं वजन रोलरला पेलतं का? रोलरचा व्यास किती? बारीक जोड-रोलर टायरमध्ये रुततात, टायर तापतो आणि तोटा वाढतो. मोठा एकच रोलर केव्हाही बरा. टँडम एक्सल असेल तर दोन्ही चालवणारे एक्सल रोलरवर बसतात का? आणि खालच्या वेगाला रिटार्डर किती धरतो?

या शेवटच्या गोष्टीवरच बहुतेक टेस्ट फसतात. २०१५ पासून मालवाहू गाड्यांना ८० किलोमीटरची आणि डंपर-टँकरला ६० ची वेगमर्यादा लावणारं यंत्र सक्तीचं आहे. टेस्ट डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे १:१ ला घ्यावी हा नियम, कारण त्यात गिअरबॉक्स सगळ्यात कमी खातो. आता १०.००-२० चा टायर धरा, एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर. क्राउन-पिनियन ४१/७, म्हणजे ५.८६. इंजिन २५०० वर गेलं की चाकाचा वेग होतो ८२ किलोमीटर. लिमिटर ८० लाच डिझेल तोडतो आणि आलेख नेमका शेवटी, जिथे एचपी सर्वात जास्त हवा तिथे, धपकन पडतो. मिस्त्री म्हणतो पंप कमी पडतोय. पंप ठीकच असतो.

उपाय म्हणून एक गिअर खाली घेतला, समजा १.५ चा, तर २५०० ला वेग ५५ वर येतो आणि डंपरचीही टेस्ट होते. पण चाकावरचा जोर दीडपट वाढतो. ८०० न्यूटन-मीटरचं इंजिन डायरेक्टमध्ये टायरच्या काठावर सुमारे ९४० किलोचा जोर लावतं, एक गिअर खाली १,४०० किलोचा. रिकाम्या गाडीच्या मागच्या एक्सलवर अडीच टन असले तर गुळगुळीत स्टीलच्या रोलरवर टायर तिथे घसरणारच. म्हणून खालच्या गिअरला टेस्ट घ्यायची तर मागे तीन-चार टन माल भरून आणा आणि गाडी साखळीने खाली खेचून बांधा.

घसरण टायरची की क्लचची, हे ओळखायची साधी रीत आहे. आरपीएम भागिले रोलरचा वेग हे गुणोत्तर पूर्ण रनभर तेच राहायला हवं. लोडवर ते वाढलं की कुठेतरी घसरतंय. आता दुसऱ्या गिअरमध्ये रन घ्या. खालच्या गिअरला घसरण वाढली तर टायर. दोन्ही गिअरला सारख्याच टॉर्कवर सुटतं तर क्लच प्लेट, कारण क्लचवर येणारा इंजिनचा टॉर्क गिअरने बदलत नाही.

रिमोल्ड टायरवर पूर्ण लोडची टेस्ट घेऊ नका. रोलरवर टायर एकाच जागी तापतो, पट्टा सुटला तर मडगार्ड फाडून बाहेर येतो. खाचेत अडकलेले खडे आधी पेचकसाने काढा. रन चालू असताना चाकांच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणी उभं राहू नये.

चाक काढून थेट हबला जोडायचा हब डायनो टायरचा सगळा गोंधळ टाळतो, पण जड ट्रकच्या हबला बसणारा अडॅप्टर आहे का ते आधी विचारा. ट्रॅक्टरसाठी पीटीओला (अवजारं चालवायच्या मागच्या दांड्याला) जोडायचा डायनो सर्वात सोपा आणि खात्रीचा. मध्य प्रदेशात बुदनीची केंद्रीय संस्था ट्रॅक्टरचे टेस्ट रिपोर्ट देते, त्यातल्या पीटीओच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघता येतो. टिप्परच्या गिअरबॉक्सवरचा पीटीओ मात्र जॅकच्या पंपापुरता असतो. त्यावर इंजिनची पूर्ण ताकद काढायला जाल तर गिअर फुटतील.

बीएस-६ गाडीला आधी स्कॅनर लावा. एरर असेल, डीईएफ (एक्झॉस्ट साफ करणारं युरियाचं द्रावण) कमी किंवा खराब असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच टॉर्क कापतो आणि टेस्ट वाया जाते. पुढची चाकं उभी आणि मागची फिरताहेत हे पाहून एबीएसही एरर टाकतो, तो नंतर पुसावा लागतो. डीपीएफचं रिजनरेशन, म्हणजे एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जाळणं, मध्येच सुरू झालं तर तो रन धरू नका. स्कॅनरवर दिसणारा टॉर्कचा टक्का डिझेलच्या मात्रेवरून काढलेला अंदाज असतो. नोझल थेंब गाळत असेल तर ईसीयूला ते कळत नाही.

टेस्ट कशी घ्यायची

आधी डायनो तपासा, मग गाडी. ठरावीक भुजेवर प्रमाणित वजन लटकवायला सांगा: १ मीटरवर ५० किलो म्हणजे ४९० न्यूटन-मीटर दिसलेच पाहिजेत. वजनं चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा आकडे घ्या. चढ-उतारात एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर खोळीच्या बाहेरच्या बेअरिंगा अडकताहेत. त्या कधी पूर्ण फिरत नाहीत, त्यामुळे एकाच जागी खड्डे पडतात. पाण्याच्या ब्रेकमध्ये हे कॅलिब्रेशन पाणी चालू ठेवून करा. ताठ होजपाइप खोळीला ढकलतो आणि पाणी सोडताच शून्य सरकतं.

गाडीचं एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बो ते इंटरकूलरचे होज बघा. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट अडकलेली नाही ना? पायाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लिव्हर स्टॉपला टेकतो का, हे दुसऱ्याने खाली वाकून बघायचं. "दम नाही" म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांमध्ये लिंकेज सैल होऊन लिव्हर स्टॉपपासून चार-पाच मिलिमीटर आधीच थांबलेला सापडतो. त्याला डायनो लागत नाही, पाना लागतो.

मग:

१. पाणी ८० अंशांवर येईपर्यंत मध्यम लोडवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. चेसिस डायनोवर क्राउनचं तेलही तापू द्या, थंड तेल चार-पाच एचपी खातं.

२. आरपीएमचा सेन्सर क्रँक पुलीवर चिकटपट्टी लावून ऑप्टिकल घ्या. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घेतला तर पट्टा घसरला की आकडा चुकतो. चेसिस डायनोवर याचा परिणाम गमतीचा होतो: एचपी रोलरवरून निघतो म्हणून बरोबर येतो, टॉर्क मात्र चुकीचा दिसतो. बेडवर उलट होतं: टॉर्क लोडसेलवरून बरोबर येतो, एचपी चुकतो.

३. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून जास्तीत जास्त एचपीच्या आरपीएमवर इंजिन धरा. आकडा स्थिरावला की साठ सेकंदांची सरासरी लिहा.

४. लोड वाढवत २०० आरपीएमने खाली या, १२०० पर्यंत. प्रत्येक टप्प्याला तसेच साठ सेकंद.

५. प्रत्येक टप्प्याला एक्झॉस्टचं तापमान, बूस्ट, पाण्याचं तापमान, तेलाचा दाब आणि धुराचा रंग लिहा. एक्झॉस्ट कंपनीच्या मर्यादेपुढे जाऊ लागलं की लोड सोडा.

६. पूर्ण रन तीनदा. तिन्हींत दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आकडे घेण्याआधी कारण शोधा.

जमलं तर डिझेलही मोजा. एचपी दाखवणं सोपं आहे: पंपाचा स्क्रू फिरवला, डिझेल वाढवलं, आकडा वाढला. त्याची किंमत डिझेलच्या मापात दिसते. चांगलं टर्बो इंजिन पूर्ण लोडला किलोवॅट-तासाला २१० ते २३० ग्रॅम डिझेल पितं. ९० किलोवॅटला २२५ ग्रॅमच्या हिशेबाने एका मिनिटात सुमारे ३४० ग्रॅम, म्हणजे ४०० मिलिलिटरच्या जरा वर. काचेच्या मापातून मिनिटभर डिझेल पाजलं की कळतं. रिटर्न लाइन त्याच मापात सोडायला विसरू नका. माप ५०० मिलिलिटर दाखवत असेल आणि सायलेन्सर काळा धूर ओकत असेल, तर वाढलेला एचपी पिस्टन आणि टर्बोच्या जिवावर घेतलेला आहे.

मे महिन्यातला आकडा

गरम हवा विरळ, विरळ हवेत डिझेल नीट जळत नाही. म्हणून आकडा २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेवर आणून सांगायची पद्धत आहे. आयएसओ १५८५ मध्ये त्याचं सूत्र आहे. पण त्याच मानकात टेस्टच्या हवेची मर्यादाही दिली आहे: १० ते ४० अंश. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात आणि शेडमध्ये, इंजिनच्या तोंडाशी, त्याहून जास्त. तिथे मोजलेला आकडा कितीही "करेक्शन लावून" दिला तरी तो मानकाच्या बाहेरचा. त्या दिवसांत टेस्ट पहाटे घ्या. ३० अंशांवर टर्बो डिझेलचं करेक्शन आपल्या उंचीवर साधारण दीड ते सहा टक्के येतं. इंजिन दर फेऱ्याला किती डिझेल घेतं त्यावर ते ठरतं. कागदावर करेक्शनआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे मागून घ्या. तापमान मोजणारी वायर एअर फिल्टरच्या तोंडाशी असावी, भिंतीवर नाही.

डिझेलही तापतं. जुना पंप डिझेल मापाने देतो, वजनाने नाही. दहा अंश वाढले की त्याच मापात पाऊण टक्का डिझेल कमी जातं, शिवाय पातळ होऊन प्लंजरमधून गळती वाढते. उन्हात उभ्या गाडीची टाकी आणि सावलीतली टाकी यांतून येणारे आकडे म्हणूनच जुळत नाहीत.

जवळ डायनो नसेल तर

वणी, घुग्घुस, दिग्रसहून गाडी एवढ्यासाठी लांब नेणं परवडत नाही. कामाआधी आणि कामानंतर अशी तुलनाच करायची असेल तर वजनकाटा, जीपीएसचा वेग दाखवणारा मोबाइल आणि स्टॉपवॉच पुरतं. वेग गाडीच्या मीटरवरून घेऊ नका.

दीड-दोन किलोमीटर सरळ, सपाट, पहाटे मोकळा असलेला रस्ता निवडा. गाडीत ड्रायव्हर आणि आकडे घेणारा असे दोघं, मागे वाहन नसताना. भरलेल्या गाडीचं काट्यावर वजन करा. टॉप गिअरमध्ये ३५ च्या वेगावरून पाय पूर्ण दाबा आणि ४० पासून ६० पर्यंत किती सेकंद लागले ते घ्या. मग ६५ वर नेऊन न्यूट्रल करा आणि ६० पासून ४० वर यायला किती सेकंद लागले ते घ्या. इंजिन बंद करायचं नाही, एअर ब्रेक आणि स्टिअरिंग त्याच्यावर आहेत.

हिशेब: वजनाच्या टनांना ७७ ने गुणलं की ४० ते ६० साठी लागणारी ऊर्जा किलोजूलमध्ये मिळते. १६.२ टनांना साधारण १,२५०. ओढायला ४० सेकंद लागले तर ३१ किलोवॅट. न्यूट्रलमध्ये ४६ सेकंद लागले तर हवा आणि टायर २७ किलोवॅट खाताहेत. बेरीज ५८ किलोवॅट. मेट्रिक एचपीत ७९, आणि हा आकडा ऐकून मालक घाबरतो, कारण कागदावर १३० असतात. पण वरच्याच टायर आणि क्राउनला ४० ते ६० म्हणजे १२२० ते १८३० आरपीएम, सरासरी १५२५. हा टॉर्कचा पट्टा आहे, एचपीचा नाही. ५८ गुणिले ९५४९ भागिले १५२५ केलं तर सुमारे ३६० न्यूटन-मीटर येतात, चाकापर्यंत पोचलेले. टाटाचं टर्बो ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, असं इंजिन असेल तर हा आकडा वाईट नाही.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त उताराने. शंभर मीटरला अर्धा मीटर उतार डोळ्याला दिसत नाही, पण १६ टनांच्या गाडीला या वेगात तो ११ किलोवॅट देतो किंवा खातो. म्हणून जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी घ्या आणि सरासरी काढा. वाऱ्याचाही हिशेब त्यातच बऱ्यापैकी मिटतो. वजनात अर्धा टन चुकला तर आकडा तीन टक्क्यांनी हलतो, त्यामुळे कामानंतरच्या टेस्टला तोच माल नसेल तर पुन्हा काट्यावर घाला. टायरची हवा दोन्ही वेळा थंड असताना सारखी करा. न्यूट्रलमधला वेळ आधीपेक्षा बराच कमी आला तर इंजिन सोडून चाकांकडे बघा: ब्रेक लायनर ड्रमला घासत असतील किंवा हबची बेअरिंग जास्त आवळली असेल. जॅक लावून चाक हाताने फिरवलं की लगेच कळतं.